केस टिकवणारी औषधं: घ्यावीत की नाही? पुरुषांना पडणारे नेहमीचे प्रश्न

केस विरळ व्हायला लागलेत हे बहुतेकांना आरशात कळत नाही. ते कळतं कुणीतरी मागून काढलेल्या लग्नातल्या फोटोत. किंवा केस कापणारा कात्री चालवता चालवता सहज म्हणतो, "मध्ये जरा पातळ झालेत हं," तेव्हा. मग रात्री मोबाईलवर शोध सुरू होतो. अर्ध्या तासात दोन औषधांची नावं सापडतात, मिनॉक्सिडिल आणि फिनॅस्टेराइड. त्याच अर्ध्या तासात दोन टोकाची मतंही सापडतात. एक जण म्हणतो, या गोळीने माझे केस परत आणले. दुसरा म्हणतो, या गोळीने माझं वैवाहिक आयुष्य संपवलं.

विशी-पंचविशीतल्या मुलाने, ज्याचं अजून लग्न व्हायचं आहे, यातलं कोणाचं ऐकायचं? घरात विचारायची लाज वाटते. मित्र चेष्टा करतात. डॉक्टरांकडे 'केसांसाठी' जायचं म्हणजे काहीतरीच वाटतं. म्हणून हे प्रश्न एकेक करून पाहू. औषध सुरू करायचं की नाही हे तुम्ही आणि तुमचे त्वचारोगतज्ज्ञ मिळून ठरवायचं आहे. पण तिथे जाण्याआधी काय विचारायचं हे माहीत असलेलं बरं.

हे टक्कल नेमकं कशामुळे पडतं?

कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकणं, डोक्यावरच्या भोवऱ्याजवळ केस पातळ होणं आणि कानाच्या बाजूचे व मानेवरचे केस मात्र दाट राहणं, हा पुरुषांमधल्या टकलाचा ठरलेला नमुना आहे. याचं कारण हेल्मेट नाही, बोअरवेलचं पाणी नाही आणि तेल न लावणंही नाही.

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. एक विकर त्याच्या काही भागाचं रूपांतर डीएचटी नावाच्या अधिक प्रभावी संप्रेरकात करतं. दाढी येण्यात आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढण्यात डीएचटीचा हात असतो. पण ज्यांच्या डोक्यावरची केसांची मुळं जन्मतःच डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांच्या त्या मुळांवर उलटा परिणाम होतो. प्रत्येक नव्या चक्रात केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. शेवटी तिथे नुसती लव उरते.

पुरुषी संप्रेरकांचा हा संबंध अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली मांडला. वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले होते, अशा पुरुषांना टक्कल पडलेलं त्यांना आढळलं नाही. त्यांतल्या काहींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे दोन्ही गोष्टी लागतात, संप्रेरक आणि आनुवंशिकता.

'टक्कल आईकडून येतं' हे अर्धंच खरं आहे. संबंधित जनुकांपैकी एक महत्त्वाचं जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतं, पण बाकीची अनेक जनुकं दोन्हीकडून येतात. त्यामुळे मामाचे केस दाट आहेत म्हणून निर्धास्त राहू नये आणि वडिलांना टक्कल आहे म्हणून आशाही सोडू नये.

ही दोन औषधं आली कुठून?

दोन्ही औषधं मुळात केसांसाठी बनलेली नव्हती.

मिनॉक्सिडिल ही उच्च रक्तदाबाची गोळी. अमेरिकेत तिला १९७९ साली मान्यता मिळाली. ती घेणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस वाढू लागले. रुग्णांना नकोशा असलेल्या या परिणामाचंच पुढे औषध झालं आणि १९८८ साली डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल बाजारात आलं. ते डीएचटीला हात लावत नाही. केसाचा वाढीचा काळ लांबवणं आणि बारीक झालेला केस थोडा जाड करणं हे त्याचं काम. त्यासाठी डोक्याच्या त्वचेतल्या एका विकराने त्याचं सक्रिय रूपात रूपांतर करावं लागतं. हे विकर ज्यांच्यात कमी असतं त्यांना फायदाही कमी होतो. मित्राला लागू पडलेलं औषध तुम्हाला न लागू पडण्याचं हे एक कारण आहे.

फिनॅस्टेराइडची गोष्ट कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक या देशातल्या सालिनास गावापासून सुरू होते. तिथे काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषी बदल होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याचं कारण प्रसिद्ध केलं. या मुलांमध्ये डीएचटी बनवणाऱ्या विकराची जन्मजात कमतरता होती. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहायची आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. तेच विकर रोखणारं औषध बनवता आलं तर? या विचारातून फिनॅस्टेराइड तयार झालं. अमेरिकेत १९९२ साली ५ मिलीग्रॅमची गोळी वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली १ मिलीग्रॅमची गोळी पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाली.

ही गोष्ट लक्षात ठेवा. गर्भवती स्त्रियांसाठी या गोळीवर जी सूचना असते, तिचं कारणही याच गोष्टीत आहे. त्याकडे पुढे येऊ.

गेलेले केस परत येतात का?

दोन्ही औषधांचं पहिलं काम असलेले केस टिकवणं हे आहे. नवे केस दिसणं हा त्यापुढचा, काहींना मिळणारा फायदा.

फिनॅस्टेराइडच्या ज्या अभ्यासाचे निकाल १९९८ साली प्रसिद्ध झाले, त्यात १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष होते. काहींना खरी गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. दोन वर्षांनी ठरावीक जागेतले केस मोजले. खरी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ८३ जणांच्या केसांची संख्या सुरुवातीपेक्षा कमी झाली नव्हती. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण शंभरात २८ होतं. फोटो तुलना करून पाहिल्यावर खरी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ६६ जणांचे केस वाढलेले दिसले. दुसऱ्या गटात असे फक्त ७ होते.

आता हे आकडे उलट बाजूनेही वाचा. औषध घेऊनही शंभरातल्या १७ जणांचे केस कमी झाले. म्हणजे औषध काम करतं, पण हमी देत नाही.

जिथे मूळ बारीक झालंय पण जिवंत आहे, तिथे औषधाला काम करायला वाव असतो. जिथे वर्षानुवर्षं तुळतुळीत टक्कल आहे, तिथे औषधाने जंगल उभं राहत नाही. भोवऱ्याजवळच्या भागात परिणाम चांगला दिसतो. कपाळाच्या कोपऱ्यांत तो कमी असतो. म्हणूनच डॉक्टर लवकर यायला सांगतात.

फरक किती दिवसांत दिसतो?

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे पंधरा दिवसांत निकाल दाखवणाऱ्या जाहिराती सोडून द्या. तीन ते सहा महिन्यांत गळती कमी झाल्याचं जाणवू शकतं. औषध लागू पडलं की नाही हे ठरवायला वर्षभर द्यावं लागतं.

यात एक धक्का ठरलेला असतो. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या दोन-अडीच महिन्यांत अनेकांची गळती *वाढते*. आंघोळीच्या वेळी मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसला की माणूस घाबरतो आणि बाटली फेकून देतो. प्रत्यक्षात विश्रांतीच्या अवस्थेतले केस, जे काही आठवड्यांत पडणारच होते, ते नव्या केसाला जागा देण्यासाठी एकदम पडत असतात. ही गळती काही आठवड्यांत ओसरते. ती तीन-चार महिन्यांनंतरही थांबली नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

रोज आरशात पाहून काहीच कळत नाही. सुरुवातीला एकाच जागी, एकाच उजेडात, कोरड्या केसांचे तीन फोटो काढा: समोरून, वरून आणि भोवऱ्याचा. मग दर तीन महिन्यांनी तसेच काढा. तुलना फोटोशी करा, आठवणीशी नको.

मिनॉक्सिडिल लावायचं कसं?

साधारण पद्धत अशी: ५ टक्क्यांचं द्रावण, १ मिलीलिटर, दिवसातून दोनदा. केस आणि त्वचा दोन्ही कोरडी हवीत. ते केसांना नाही, त्वचेला लावायचं, कारण काम मुळाशी आहे. तेलासारखं चोळायची गरज नाही. बोटांनी पसरवा, हात साबणाने धुवा आणि ते वाळेपर्यंत उशीवर डोकं ठेवू नका. नंतर निदान चार तास डोकं धुवू नका. जास्त लावल्याने केस जास्त येत नाहीत, औषध रक्तात मात्र जास्त जातं.

खाज, कोंडा किंवा लाली आली तर ती अनेकदा द्रावणातल्या प्रॉपिलिन ग्लायकॉलमुळे असते. फेसाच्या स्वरूपातल्या मिनॉक्सिडिलमध्ये ते सहसा नसतं, त्यामुळे बदलून पाहता येतं. छातीत धडधड, चक्कर, पायावर सूज असं काही झालं तर लावणं थांबवून डॉक्टरांकडे जा. हृदयविकार असेल तर आधी विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

घरात तान्हं बाळ असेल तर विशेष काळजी घ्या. वडिलांच्या डोक्यावरचं ओलं औषध बाळाच्या अंगाला किंवा तोंडात गेल्याने बाळाच्या अंगावर दाट केस वाढल्याच्या घटना युरोपात नोंदल्या गेल्या. संपर्क थांबल्यावर काही महिन्यांत ते केस कमी झाले. मांजर पाळलेलं असेल तर आणखी जपा. मिनॉक्सिडिल मांजराला विषासारखं आहे, डोकं किंवा उशीची खोळ चाटूनही ते पोटात जाऊ शकतं.

गोळीने 'तो' त्रास होतो का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत हळू आवाजात विचारला जाणारा हा प्रश्न. उत्तर तीन भागांत द्यावं लागतं.

पहिला भाग: होय, काहींना होतो. कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्याचं प्रमाण कमी होणं हे परिणाम माहीत आहेत. १ मिलीग्रॅम गोळीच्या चाचण्यांच्या पहिल्या वर्षात यांपैकी काही ना काही त्रास शंभरातल्या ३.८ जणांनी सांगितला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही २.१ जणांनी सांगितला. म्हणजे गोळीमुळे वाढलेला त्रास शंभरात दोघांपेक्षा कमी. बहुतेकांचा त्रास गोळी थांबवल्यावर गेला, काहींचा तर चालू ठेवूनही गेला.

दुसरा भाग: भीतीचाही परिणाम होतो. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रोस्टेटच्या रुग्णांना ५ मिलीग्रॅमची गोळी दिली. ज्यांना लैंगिक त्रास होऊ शकतो असं आधी सांगितलं, त्यांच्यातल्या ४३.६ टक्क्यांनी त्रास सांगितला. ज्यांना सांगितलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण १५.३ टक्के होतं. गोळी दोघांची एकच होती. रात्री दोन वाजेपर्यंत इतरांचे वाईट अनुभव वाचून सकाळी गोळी घेतली, तर शरीराकडे पाहण्याची नजरच बदललेली असते.

तिसरा भाग: तरीही 'सगळं मनात असतं' असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. गोळी बंद केल्यावरही लैंगिक त्रास चालू राहिल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ साली गोळीच्या माहितीपत्रकात त्याची नोंद करायला लावली. अशा तक्रारींवरून हे किती जणांत एक असं मोजता येत नाही. पण ज्याला हा त्रास होतो, त्याच्यासाठी तो शंभर टक्के असतो. तेव्हा धोका लहान आहे, शून्य नाही, हे समजून घेऊनच हो किंवा नाही म्हणा.

त्रास जाणवला तर गप्प बसून महिनोन्महिने गोळी ओढत राहू नका. थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. छातीत गाठ लागली, स्तनाग्र दुखलं किंवा त्यातून स्राव आला तर तेही लगेच दाखवा.

मनावर परिणाम होतो का?

होऊ शकतो, आणि हा प्रश्न लैंगिक त्रासाइतकाच महत्त्वाचा असून कमी विचारला जातो. फिनॅस्टेराइड घेणाऱ्या काहींमध्ये उदासी आणि आत्महत्येचे विचार आल्याच्या नोंदी आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये तपासणीनंतर आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. १ मिलीग्रॅमच्या पाकिटात रुग्णाला सावध करणारं कार्ड ठेवायलाही सांगितलं.

तुम्हाला आधी नैराश्य आलं असेल, त्यावर उपचार चालू असतील, तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. गोळी घेताना झोप उडाली, कशातच मन लागेना, घरच्यांना तुमच्यात बदल जाणवला, तर तो 'कामाचा ताण' म्हणून सोडून देऊ नका. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि लगेच मदत घ्या. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

घरात एकाला तरी आपण ही गोळी घेतोय हे माहीत असावं, ते यासाठीच. मनातला बदल ज्याचा त्याला सगळ्यांत शेवटी कळतो.

लग्न ठरलंय, मूल हवंय. मग?

आता सालिनासची गोष्ट आठवा. आईच्या पोटात मुलग्याचे बाह्य जननेंद्रिय घडायला डीएचटी लागतं. म्हणून गर्भवती किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रीने फिनॅस्टेराइडची तुटलेली किंवा चुरा झालेली गोळी हाताळू नये. अख्ख्या गोळीवर आवरण असतं, त्यामुळे तिचा चुकून स्पर्श झाला तर घाबरायचं कारण नाही.

आपल्याकडे स्वस्त पडतं म्हणून ५ मिलीग्रॅमची गोळी आणून तिचे चार तुकडे करायची पद्धत आहे. त्यात तुकडे सारखे होत नाहीत हा एक तोटा आणि घरभर तिची पूड उडते हा दुसरा. घरात गरोदर बाई असेल तर हा उद्योग करूच नका.

पुरुषाच्या वीर्यातून उतरणारं औषध अत्यल्प असतं आणि त्याने गर्भाला इजा झाल्याचं दिसलेलं नाही. पण काही पुरुषांमध्ये गोळीमुळे वीर्याचा दर्जा खालावल्याचं आणि गोळी थांबवल्यावर तो सुधारल्याचं नोंदवलं गेलंय. त्यामुळे बरेच दिवस दिवस राहत नसतील तर तपासणीच्या वेळी 'मी केसांची गोळी घेतो' हे सांगायला विसरू नका. अनेक पुरुष नेमकं हेच लपवतात आणि तपासण्या मात्र बायकोच्या होत राहतात.

डॉक्टरांना आणि रक्तपेढीत सांगायचं काय?

प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका असेल तर पीएसए नावाची रक्तचाचणी करतात. फिनॅस्टेराइडमुळे तिचा आकडा साधारण निम्मा होतो. गोळीचं सांगितलं नाही, तर वाढलेला आकडाही 'नॉर्मल' दिसू शकतो आणि आजार नजरेतून सुटू शकतो. चाळिशी-पन्नाशीत गोळी चालू असलेल्यांनी हे कागदावर लिहून ठेवावं. वीस वर्षं चालू असलेली गोळी माणूस 'औषध' म्हणून मोजायचंही विसरतो.

रक्तदानाच्या वेळीही सांगा. तुमचं रक्त गर्भवतीला चढवलं जाऊ शकतं. अमेरिकेत रेड क्रॉस फिनॅस्टेराइडच्या शेवटच्या गोळीनंतर एक महिना आणि ड्युटॅस्टेराइडनंतर सहा महिने रक्त घेत नाही. गणपतीतल्या किंवा कंपनीतल्या शिबिरात अर्ज भरताना 'कोणती औषधं चालू आहेत' हा रकाना रिकामा सोडू नका.

एकदा सुरू केलं की आयुष्यभर घ्यावं लागतं का?

केस टिकवायचे असतील तोपर्यंत, हो. औषध टकलाची प्रवृत्ती बदलत नाही, ती रोखून धरते. थांबवलं की मिनॉक्सिडिलचा फायदा काही महिन्यांत आणि फिनॅस्टेराइडचा वर्षभरात ओसरतो. 'औषध सोडल्यावर आधीपेक्षा जास्त गेले' असं वाटतं, पण औषध घेतलंच नसतं तर आज जिथे असता, तिथेच तुम्ही पोहोचता.

हे आधीच माहीत असलं की निर्णय सोपा होतो. चार महिन्यांवरच्या लग्नासाठी म्हणून हे औषध सुरू करण्यात फारसा अर्थ नाही. चार महिन्यांत निकाल पुरता दिसत नाही आणि मिनॉक्सिडिल असेल तर सुरुवातीची गळती नेमकी खरेदीच्या दिवसांत येते.

नवीन काय निघालंय? स्प्रे, कमी डोसच्या गोळ्या, ड्युटॅस्टेराइड?

फिनॅस्टेराइडचा डोक्याला लावायचा स्प्रे 'दुष्परिणाम नाहीत' म्हणून विकला जातो. त्वचेतून ते रक्तात कमी प्रमाणात जातं, पण जातं. अमेरिकेच्या नियामक संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये तिथे औषध दुकानांत मिसळून बनवल्या जाणाऱ्या अशा द्रावणांबद्दल सावध केलं, कारण लैंगिक त्रास आणि नैराश्याच्या तक्रारी त्यातूनही आल्या होत्या.

मिनॉक्सिडिलची गोळी अगदी कमी डोसमध्ये काही त्वचारोगतज्ज्ञ देतात. ती मुळात रक्तदाबाची गोळी आहे हे विसरू नका. अंगावर केस वाढणं, पायावर सूज, धडधड हे तिचे त्रास आहेत. स्वतःच्या मनाने ती सुरू करू नये.

ड्युटॅस्टेराइड हे फिनॅस्टेराइडचं अधिक जोरकस भावंड. टकलासाठी ते दक्षिण कोरियात आणि जपानमध्ये मान्य आहे. ते शरीरातून जायला महिने लागतात. म्हणजे त्रास झाला तर तोही लगेच संपत नाही.

कांद्याचं तेल, बायोटिन, केशरोपण?

कांद्याच्या रसाचा जो अभ्यास जाहिरातीत सांगतात, तो २००२ सालचा, इराकमधला, थोड्या रुग्णांवरचा आहे. आणि तो चाईवर होता, पुरुषी टकलावर नाही. तेलाने केस मऊ होतात, चकाकतात, तुटणं कमी होतं. डीएचटीला त्याने फरक पडत नाही.

बायोटिनची कमतरता क्वचितच असते. ती नसेल तर गोळ्यांनी केस वाढत नाहीत. उलट मोठ्या डोसमधलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या रक्तचाचण्यांचे आकडे चुकवू शकतं.

केशरोपणात मानेवरचे केस पुढे लावतात. ते टिकतात, कारण त्यांची मुळं डीएचटीला दाद देत नाहीत. पण त्यांच्या मागचे मूळचे केस जातच राहतात. म्हणून रोपणानंतरही डॉक्टर बहुधा औषध चालू ठेवायला सांगतात. 'एकदा पैसे भरा आणि सुटा' असं ते नसतं.

भारताच्या औषध नियमांमधल्या परिशिष्ट जे मध्ये, ज्या आजारांवर बरं करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, त्यांची यादी आहे. त्या यादीत टक्कल आहे. 'टकलावर शंभर टक्के इलाज' अशी पाटी दिसली की हे आठवा.

माझं टक्कल याच प्रकारचं आहे हे कशावरून?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांत आधी विचारायला हवा. पुरुषी टक्कल वर्षांच्या हिशेबाने येतं. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं चर्चेत आली, कारण तिथे लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडत होतं, बायकांचे आणि मुलांचेही. तो प्रकार वेगळा होता आणि त्याची कारणंही वेगळी शोधावी लागली.

तेव्हा केस अचानक गळत असतील, गोल चट्ट्यांत जात असतील, त्वचा लाल, खवलेदार किंवा दुखरी असेल, भुवया-दाढीचेही केस जात असतील, तर औषध मागवू नका, तपासणी करून घ्या. डेंग्यूसारखा ताप, मोठी शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने केलेलं डाएट यांनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळतीही वेगळी असते. ती बहुतेकदा आपोआप थांबते आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं गोळी घ्यायची गरज नसते.

मग मी काय करू?

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ते तीन फोटो, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि पूर्वी कधी नैराश्य आलं असेल तर ती माहिती सोबत न्या. दोन प्रश्न नक्की विचारा: माझ्या डोक्यावर औषधाला वाव किती आहे? आणि त्रास झाला तर मी काय करायचं? गोळीची भीती वाटत असेल तर फक्त मिनॉक्सिडिलपासून सुरुवात करता येते का, हेही विचारा. बऱ्याच जणांना येते. चिठ्ठीशिवाय, मोबाईलवरच्या चार प्रश्नांची उत्तरं देऊन घरपोच येणाऱ्या गोळ्या टाळा. फिनॅस्टेराइड हे चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे आणि ते तसं असण्याची कारणं वर आली आहेत.

काहीच न घेणं हाही पर्याय आहे. या टकलाने शरीराचं काही बिघडत नाही. बारीक केस ठेवून, दाढी राखून मजेत जगणारे पुरुष तुमच्या ओळखीत नक्की असतील. त्यांच्यापैकी एखाद्याला विचारून पाहा, केस गेल्याचं त्याला शेवटचं वाईट कधी वाटलं होतं. औषध घ्यायचं ठरलं तर आजची तारीख लिहून ठेवा, आणि वर्षभराने फोटो समोर ठेवून पुन्हा ठरवा.